मशीन हेड : फाटलेला आवाज बँडचा की सुईचा?

डीप पर्पल या ब्रिटिश हार्ड रॉक बँडची ‘मशीन हेड’ ही १९७२ सालची एलपी जुन्या टर्नटेबलवर लावली की एक शंका मनात येतेच. ऑर्गन असा गुरगुरतोय, गिटार अशी करकरतेय, हे मुळातच असं आहे की आपली सुई गेली आहे? एकट्या पियानोच्या रेकॉर्डवर आवाज फाटला तर पहिल्या मिनिटात कळतं. इथे तसं होत नाही, कारण जॉन लॉर्डनं हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल ॲम्प्लिफायरमधून वाजवला आहे आणि गिटारवादक रिची ब्लॅकमोरचा ॲम्प तर आवाज फाटावा म्हणूनच चढवलेला आहे. या आवाजाच्या आडोशाला झिजलेली सुई, घासलेली तबकडी आणि चुकीच्या जागी खोचलेली वायर वर्षानुवर्षं लपून राहतात. ऐकणारा म्हणतो, हार्ड रॉक आहे, असंच वाजणार. पण ही रेकॉर्ड नीट वाजली तर त्या फाटलेल्या आवाजाच्या अवतीभवती भरपूर स्वच्छ, मोकळी जागा ऐकू येते. ती जागा ऐकू येत नसेल तर अल्बम अर्धाच ऐकला असं समजायला हरकत नाही.

दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी करायचं तर आधी या रेकॉर्डवर काय स्वच्छ असायला हवं ते ठरवून घ्यावं. ध्वनिमुद्रण डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडच्या माँत्रो गावात झालं. ज्या कसिनोत ते व्हायचं होतं तो ४ डिसेंबरला फ्रँक झॅपाच्या कार्यक्रमात आग लागून जळाला, आणि शेवटी बँडनं हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये मुक्काम ठोकला. बाहेर रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ, म्हणजे १६ ट्रॅकची टेप असलेला ट्रक, उभा होता आणि त्यात मार्टिन बर्च हा ध्वनिमुद्रक बसला होता. आवाज घुमू नये म्हणून गाद्या उभ्या केल्या होत्या. त्यामुळे ड्रमवादक इयन पेसचा हाय-हॅट (पायानं मिटणारी झांजांची जोडी), त्याचा स्नेअर (करकरीत आवाजाचा छोटा ड्रम) आणि गायक इयन गिलनच्या उच्चारातले ‘स’ आणि ‘ट’ हे तिन्ही कोरडे आणि रेखीव आलेत. आपली तपासणी या तिघांवरच करायची. गिटार आणि ऑर्गन यांना साक्षीला बोलावू नये, ते दोघं आधीच फाटलेले आहेत. ग्लोव्हरचा बासही बऱ्याच ठिकाणी खरखरीत आहे, तोही बाजूला ठेवा.

आधी वायर बघा

सर्वात जास्त सापडणारी चूक सुईत नसते, ती टर्नटेबलच्या पाठीमागे असते. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसवलेल्या छोट्या डबीतून, साधारण ५ मिलिव्होल्ट इतकाच सिग्नल निघतो. फोनो प्रीॲम्प तो सुमारे शंभरपट मोठा करतो आणि त्याच वेळी आवाजाचा तोलही परत जागेवर आणतो. तबकडी कापताना खालचे सूर मुद्दाम दाबलेले आणि वरचे उचललेले असतात. २० हर्ट्‌झला सुमारे २० डेसिबल खाली आणि २० हजार हर्ट्‌झला तेवढंच वर. प्रीॲम्प याच्या बरोबर उलटं करतो.

हल्लीच्या बऱ्याच टर्नटेबलांत हा प्रीॲम्प आतच बसवलेला असतो आणि मागे फोनो व लाइन असं एक बारीक बटण असतं. बटण लाइनवर ठेवून वायर ॲम्प्लिफायरच्या फोनो खाचेत लावली तर सिग्नल दोन प्रीॲम्पमधून जातो. बास फुगतो, गिलनचा आवाज ब्लँकेटमधून आल्यासारखा होतो आणि सगळंच फाटतं. दुसऱ्या एखाद्या रेकॉर्डवर हे लगेच लक्षात येतं, ‘मशीन हेड’वर मात्र लोक ते बँडच्या नावावर खपवतात. नियम साधा आहे: बटण लाइनवर असेल तर वायर ऑक्स किंवा लाइनमध्ये, बटण फोनोवर असेल तर वायर फोनोमध्ये. उलट चूक झाली, म्हणजे प्रीॲम्प एकही नसला, तर आवाज अगदी हळू आणि पत्र्यासारखा पातळ येतो. सतत घूं असा आवाज येत असेल तर अर्थची बारीक वायर ॲम्प्लिफायरच्या स्क्रूला नीट आवळली आहे का ते पाहा.

सुई, वजन आणि कोन

सुईचं वय माहीत नसेल तर ती बदलाच. लंबवर्तुळाकार टोकाची सुई साधारण ३०० ते ५०० तास चालते. झीज साध्या भिंगातून दिसत नाही, त्याला चांगला सूक्ष्मदर्शक आणि सवयीची नजर लागते. आणि झिजलेल्या सुईला धारदार कडा येतात, त्या तबकडीवरच्या खाचेच्या भिंती तासत जातात. तपासून बघू म्हणून संशयित सुई चांगल्या तबकडीवर ठेवणं हाच सगळ्यात महागडा प्रयोग असतो.

सुईवरची धूळ कोरड्या, मऊ ब्रशनं काढा. ब्रश नेहमी मागून पुढे ओढायचा, म्हणजे टोनआर्मच्या (कार्ट्रिज धरणाऱ्या लांब हाताच्या) बुडाकडून टोकाकडे. आडवा फिरवला तर सुईची दांडी वाकते.

वजन लावताना आधी अँटीस्केट (आर्मची आतली ओढ रोखणारं बटण) शून्यावर आणा आणि सुईचं झाकण काढा. मागचं वजन फिरवत आर्म हवेत आडवा तरंगेल तिथे थांबा. वजनाला हात न लावता फक्त आकड्यांची चकती शून्यावर आणा, मग वजन आणि चकती एकत्र फिरवत हवा तो आकडा गाठा. कार्ट्रिजच्या कागदावर मर्यादा दिलेली असते. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई ला १.८ ते २.२ ग्रॅम, शिफारस २ ग्रॅमची. ऑर्टोफॉनच्या टूएम रेडला १.८ ग्रॅम. चकतीच्या आकड्यांवर फार विसंबू नका. छोटा डिजिटल काटा स्वस्त मिळतो. त्याची सुई ठेवायची जागा तबकडीच्या उंचीवर असेल असा तो ठेवून मोजा.

पुष्कळांना वाटतं, वजन जितकं कमी तितकी रेकॉर्ड सुरक्षित. खरं नेमकं उलटं आहे. कमी वजनाची सुई जोरदार जागी खाचेच्या भिंतीपासून सुटते आणि परत आपटते. प्रत्येक आपटीत भिंतीचा टवका उडतो, आणि तो कायमचा. या अल्बमसारख्या दणकट रेकॉर्डला मर्यादेच्या मधलं किंवा किंचित वरचं वजन बरं. २ ग्रॅमच्या सुईला २.१ नं काही बिघडत नाही, १.५ नं बिघडतं.

अँटीस्केट सुरुवातीला वजनाच्या आकड्याइतकंच ठेवा. फिरणारी तबकडी आर्मला आत ओढते, त्यामुळे सुई आतल्या भिंतीवर जास्त दाबली जाते आणि बाहेरच्या भिंतीवर सैल पडते. बाहेरची भिंत म्हणजे उजवा चॅनल. म्हणून फाटणं फक्त उजव्या बाजूला असेल तर अँटीस्केट पाव-अर्ध्या आकड्यानं वाढवा, फक्त डाव्या बाजूला असेल तर कमी करा. दोन्ही बाजूंना सारखंच असेल तर या बटणाचा त्यात दोष नाही.

राहिला कोन, म्हणजे कार्ट्रिज आर्मच्या टोकाला किती तिरकी बसली आहे ते. कागदी प्रोट्रॅक्टरवर दोन खुणा असतात. नेहमीच्या मांडणीत त्या मध्यापासून ६६ आणि १२१ मिलिमीटरवर येतात. सुई दोन्ही खुणांवर आलटूनपालटून ठेवायची आणि दोन्हीकडे कार्ट्रिजच्या कडा रेघांना समांतर दिसल्या पाहिजेत. एका खुणेवर जमतं आणि दुसरीवर नाही, असं झालं तर कार्ट्रिज नुसती वळवून भागत नाही, हेडशेलमध्ये (आर्मच्या टोकाच्या ज्या तुकड्यावर ती स्क्रूनं बसते त्यात) पुढे-मागे सरकवावी लागते. या कामाला अर्धा तास जातो, आणि तो द्यावा. का, ते दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यावर कळेल.

तबकडी धुणं

जुनी तबकडी कितीही चकचकीत दिसली तरी पहिल्यांदा लावण्याआधी धुवा. ५०० मिलिलिटर द्रावणासाठी ४०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी, १०० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फोटो धुताना वापरतात त्या वेटिंग एजंटचे दोन थेंब. थेंब जास्त झाले तर खाचेत थर राहतो आणि सुईवर पांढरट गोळा जमतो. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेतच वाळतात. अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा खिडकी उघडी आणि आसपास ज्योत नाही. हे द्रावण फक्त व्हिनाइलसाठी आहे. ७८ च्या जुन्या लाखेच्या तबकड्या अल्कोहोलनं खराब होतात.

तबकडी स्वच्छ सुती कापडावर ठेवा. लेबलवर प्लास्टिकची चकती किंवा झाकण धरा, कागद भिजला तर फुगतो. द्रावण थोडं थोडं टाकून मऊ केसांच्या ब्रशनं खाचांच्या दिशेनंच गोल फिरवा, पाच-सहा फेऱ्या. मग दीड-दोन मिनिटं तसंच राहू द्या, पण वाळू देऊ नका. मळ सुटायला वेळ लागतो आणि इथेच घाई होते. मायक्रोफायबरच्या कापडानं टिपा, घासू नका. त्यानंतर दुसऱ्या, वेगळ्या ब्रशनं नुसतं डिस्टिल्ड पाणी फिरवून पुन्हा टिपा. हा शेवटचा हात टाळला तर सुटलेला मळ खाचेच्या तळाशी परत बसतो आणि धुतल्यावर चटचट उलट वाढते. भांडी वाळत घालायच्या जाळीवर उभी करून किमान अर्धा तास सुकू द्या, आणि परत घालायची ती नव्या आतल्या पिशवीत. जुन्या कागदी पिशवीत पन्नास वर्षांची धूळ बसलेली असते.

धुतल्यावर जे जातं ते मळ होतं, जे राहतं ती जखम. तबकडी एका तीव्र दिव्याखाली तिरकी धरून बघा. नखाला लागणारा ओरखडा दर फेरीला टक् असा वाजणारच. पण खरा शत्रू ओरखडा नाही. जोरदार भागात खाचांना काळ्या चकाकीऐवजी राखाडी, मेणचट छटा आली असेल तर त्या भिंती जड आर्म आणि बोथट सुईनं तासलेल्या आहेत. सत्तरच्या दशकातल्या साध्या पेट्यांमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असायची आणि ती पाच ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त भार टाकायची. लेबलवर मधल्या भोकाभोवती पांढरट बारीक रेषांचं जाळं दिसलं तर ती रेकॉर्ड भरपूर वेळा लावलेली आहे.

आता ऐका, याच क्रमानं

पहिल्या बाजूला साधारण २० मिनिटं आहेत, दुसऱ्या बाजूला साडेसतरा. पहिलं ‘हायवे स्टार’. ते हळूहळू मोठं होत उगवतं, बास आणि गिटारची एकसुरी घोडदौड आणि त्यात स्नेअरचा ठोका. या पहिल्या काही सेकंदांत आवाज लहान असतो, म्हणून तबकडीचा पृष्ठभाग किती शांत आहे ते इथे कळतं. थोडी खसखस चालेल. घरघर ऐकू आली तर ती मोटर किंवा बेअरिंगची. हे गाणं बाहेरच्या कडेला आहे, जिथे सुईला सगळ्यात जास्त वाव असतो. इथेच हाय-हॅट ‘छीं’ऐवजी ‘च्छर्र’ करत असेल तर सुई झिजलेली आहे किंवा वजन फार कमी आहे. कोनाला इथे दोष देऊ नका.

‘पिक्चर्स ऑफ होम’ पेसच्या एकट्या ड्रमनं सुरू होतं. गिटार नाही, ऑर्गन नाही, लपायला जागा नाही. स्नेअरवरची बारीक काठी आणि झांजेचा विरत जाणारा शेवट वेगवेगळे ऐकू आले पाहिजेत. संपूर्ण अल्बममधली ही सगळ्यात प्रामाणिक चाचणी. वजन किंवा अँटीस्केट बदललं की दर वेळी याच जागी परत या.

‘स्मोक ऑन द वॉटर’मध्ये वाद्यं एकेक करून येतात. आधी एकटी गिटार, मग हाय-हॅट आणि फाटलेला ऑर्गन, मग बाकीचे ड्रम, मग बास, शेवटी गाणं. ब्लॅकमोर ती सुरावट पिकनं नव्हे, बोटांनी दोन तारा एकदम उचलून वाजवतो, म्हणून दोन्ही सूर एकाच क्षणी सुटतात. गिटार एकटी असताना तिचा करकरीतपणा कानात भरून घ्या. हाय-हॅट आत आल्यावर गिटारचा पोत बदलता कामा नये. झांजेच्या प्रत्येक ठोक्याबरोबर गिटारही थरथरायला लागली तर सुई खाच नीट धरत नाही आणि एका वाद्याची घाण दुसऱ्यात मिसळतेय. बँडच्या ॲम्पमधून असं होणं शक्य नाही, कारण झांज त्या ॲम्पमधून जातच नाही. दोष ओळखायची याहून पक्की खूण या रेकॉर्डवर दुसरी नाही.

‘लेझी’ची सुरुवात लॉर्डच्या ऑर्गननं होते आणि गिलन बऱ्याच उशिरा गायला लागतो. त्याचा हार्मोनिकाही आहे. हार्मोनिकाचा चिरका सूर वरच्या पट्टीत सुईला चांगलाच ताण देतो. तो टोचला तरी चालेल, फुटू नये.

मग ‘स्पेस ट्रकिन’. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरेच घेते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच जाते आणि एलपीच्या अगदी आतल्या मर्यादेशी जेमतेम २१. म्हणजे १० हजार हर्ट्‌झची एक लाट बाहेर ५१ मायक्रॉन लांब असते आणि आत २१. साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्याच १५ ते १८ मायक्रॉन असते. ती त्या वळणात मावणार कशी? म्हणून शेवटच्या गाण्यात ‘स’ फाटतात, आणि या गाण्याच्या नावातच दोन ‘स’ एकामागोमाग आहेत, तेही धृपदात पुन्हा पुन्हा येणारे. सुदैवानं ही बाजू छोटी आहे, खाचा लेबलला भिडेपर्यंत आत जायची गरज पडत नाही. त्यामुळे कोन बरोबर असेल आणि सुई निदान लंबवर्तुळाकार असेल तर ‘स्पेस’ हा शब्द स्वच्छ यायला हवा. पहिलं गाणं सुरेख आणि हेच तेवढं थुंकल्यासारखं वाजतंय, असं असेल तर पुन्हा प्रोट्रॅक्टरकडे जा.

आवाज वाढवल्यावरच होणारा त्रास

हा अल्बम हळू आवाजात कोणी ऐकत नाही, आणि तिथे वेगळीच भानगड निघते. स्पीकरचा हादरा टर्नटेबलपर्यंत पोचतो, सुई तो उचलते, ॲम्प्लिफायर तो वाढवतो आणि बास चिखलासारखा होतो. तपासायचं असं: मोटर बंद ठेवा, थांबलेल्या तबकडीवर सुई टेकवा आणि आवाज सावकाश वाढवत न्या. नेहमीच्या पातळीआधीच गुंगुं सुरू झालं तर लगेच आवाज कमी करा. टर्नटेबल आणि स्पीकर एकाच फळीवर असतील तर ते वेगळे करणं हाच उपाय. स्पीकरचा पडदा आवाजाविना मागेपुढे डुलत असेल तर तबकडी वाकलेली आहे. प्रीॲम्पवर सबसॉनिक फिल्टर (कानाला न कळणारे अगदी खालचे सूर गाळणारा) असल्यास तो चालू करा.

वेगही एकदा तपासा. ५० हर्ट्‌झच्या विजेवरच्या दिव्याखाली १८० रेघांची स्ट्रोब (वेग तपासायची) चकती फिरत असतानाही स्थिर दिसली पाहिजे, ६० हर्ट्‌झला २१६ रेघांची. बऱ्याच एलईडी दिव्यांत ती दिसत नाही. मोटरचा पट्टा सैल झाला की जोरदार भागात वेग किंचित दबतो आणि ऑर्गन डळमळल्यासारखा वाटतो.

शेवटचा निवाडा

सगळं करूनही शंका उरली तर तेच गाणं डिजिटल आवृत्तीत ऐका, पण मूळ मिश्रणाचीच (मिक्सचीच) आवृत्ती निवडा. १९९७ च्या पंचविसाव्या वर्षाच्या संचात रॉजर ग्लोव्हरनं नव्यानं केलेलं मिश्रण आहे आणि २०२४ च्या संचात ड्वीझिल झॅपानं केलेलं. दोन्ही ऐकण्याजोगी, तुलनेसाठी मात्र निरुपयोगी. चार वाहिन्यांच्या क्वाड्राफोनिक एलपीचं मिश्रणही वेगळं आहे.

डिजिटलमध्ये हाय-हॅट स्वच्छ, तुमच्याकडे फाटलेला, आणि दुसरी एखादी नवी रेकॉर्ड त्याच सुईवर उत्तम वाजते: तबकडी झिजलेली आहे. नवी रेकॉर्डही फाटते: सुई किंवा मांडणी. ही दुसरी रेकॉर्ड लावून पाहणं वगळू नका, नाहीतर चोर सोडून संन्याशाला फाशी होते आणि चांगली कार्ट्रिज उगाच बदलली जाते.

झिजलेल्या तबकडीलाही एक संधी द्यावी. जुन्या गोल सुयांनी खाचेच्या भिंतीचा एक ठरावीक पट्टाच खाल्लेला असतो. मायक्रोलाइन किंवा शिबाता टोकाची सुई भिंतीवर अधिक वर आणि खालपर्यंत टेकते, त्यामुळे कधीकधी न झिजलेला भाग तिच्या हाती लागतो आणि मेलेली वाटणारी प्रत उठून बसते. ही सुई कोनाच्या बाबतीत फार काटेकोर असते, घाईत बसवली तर आगीतून फुफाट्यात.

तेवढ्यानंही भागलं नाही तर दुसरी प्रत शोधा. मूळ ब्रिटिश प्रत पर्पल रेकॉर्ड्‌सची, क्रमांक टीपीएसए ७५०४. अमेरिकन वॉर्नर ब्रदर्सची, बीएस २६०७. ब्रिटिश प्रतीत खाचा संपल्यावरच्या गुळगुळीत पट्ट्यात हाच क्रमांक कोरलेला असतो, आणि त्याच पट्ट्यात ईएमआयच्या कारखान्याची सांकेतिक अक्षरंही सापडतात: जी म्हणजे १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९ आणि डी ०. ही अक्षरं तबकडी छापणाऱ्या साच्याचा क्रमांक सांगतात. आकडा जितका लहान, तितका तो साचा आधीचा. पण लहान आकडा आणि राखाडी खाचा यापेक्षा मोठा आकडा आणि काळ्या चकचकीत खाचा केव्हाही चांगल्या. विकत घेताना एकच गाणं ऐकायची मुभा असेल तर सुई दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यावर ठेवायला सांगा.